फोनवर ठरलेला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार (अमेरिकेतला दारूबंदी पक्ष)

कोरडवाहू

२०१६ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. आमच्याकडे कोलोरॅडोत मतपत्रिका पोस्टाने घरी येते, चहा पीत पीत डायनिंग टेबलावर भरायची आणि पेटीत नेऊन टाकायची. उलगडली तर राष्ट्राध्यक्षपदाखाली ही भली मोठी यादी, मोजली तर राष्ट्राध्यक्ष-उपाध्यक्षाच्या २२ जोड्या! क्लिंटन, ट्रम्प, जॉन्सन, स्टाइन इथवर ठीक, पण खाली एका ओळीत जेम्स हेजेस आणि बिल बेज, पक्ष 'प्रोहिबिशन'. आधी वाटलं कुणीतरी चेष्टेने फॉर्म भरलाय. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात उठली, मग हे लोक अजून काय करतायत? बायको म्हणाली, लग्न आटोपलं, मांडव सोडायला कुणी आलंच नाही.

तेव्हापासून सवडीने वाचत गेलो आणि वेडच लागलं, म्हणून हा धागा.

पक्ष १८६९ ला शिकागोत निघाला. १८७२ पासून दर चार वर्षांनी उमेदवार उभा करतात, आजतागायत एकदाही खंड नाही. रिपब्लिकन हत्ती, डेमोक्रॅट गाढव, तसा यांचा उंट, कारण तो पाण्यावर भागवतो. सगळ्यात चांगले दिवस १८९२ चे, जॉन बिडवेल नावाच्या कॅलिफोर्नियाच्या बड्या शेतकऱ्याला २ लाख ७० हजारांच्या आसपास मतं पडली, म्हणजे दोन टक्क्यांच्या थोडं वर. या बाबाने म्हणे त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतःच्या मळ्यातले वाइनच्या द्राक्षांचे वेल उपटून टाकले होते. आता पाच हजार मतं पडली तरी बरं वर्ष गेलं म्हणायचं.

पण मला खरा रस आहे तो हे लोक उमेदवार ठरवतात कसा यात. टीव्हीवर आपण ते प्रायमरी, कॉकस (राज्याराज्यातल्या पक्षांतर्गत निवडी), स्टेडियम, वरून पडणारे फुगे बघतो, त्यातलं इथे काही नाही. कार्यकर्ते मूठभर, तेही देशभर पांगलेले. २०१५ च्या उन्हाळ्यात यांनी अधिवेशन चक्क कॉन्फरन्स कॉलवर घेतलं आणि त्यात हेजेसचं नाव पक्कं झालं. हा हेजेस पेन्सिल्व्हेनियातल्या फुल्टन काउंटीत थॉम्पसन टाउनशिप म्हणून छोटी जागा आहे तिथला कर-निर्धारक, २००१ ला निवडून आलेला. एवढ्याशा पदाचं अप्रूप असं की गेल्या कित्येक दशकांत पक्षाच्या माणसाने कुठली निवडणूक जिंकणं म्हणजे बातमीच. त्याला ५,६१७ मतं पडली आणि १९८८ नंतर एवढी कुणाला पडलीच नव्हती! त्यातली साडेचार हजारांच्या वर एकट्या आर्कान्सातली. आमच्या कोलोरॅडोत दोनशेसुद्धा नाहीत.

खरी गंमत त्याच्या पुढच्या वेळची. नोव्हेंबर २०१८, पुन्हा फोनवरच अधिवेशन, मागच्या वेळचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार बिल बेज याला राष्ट्राध्यक्षपदासाठी बढती, खाली टेनेसीचे गॅमन. मग बेजचं पक्षातल्या काहींशी वाजलं आणि त्याने उमेदवारी सोडली. पुन्हा फोन, गॅमन वर, त्यांच्या खाली फिल कॉलिन्स. ऑगस्ट २०१९ ला गॅमन तब्येतीमुळे बाजूला. परत फोन, आता कॉलिन्स वर आणि त्यांच्या खाली जॉर्जियाचे बिली जो पार्कर. म्हणजे शुद्ध खो-खो, बेजने गॅमनला खो दिला, गॅमनने कॉलिन्सला, आणि कॉलिन्स बिचारा उठून पळाला कारण मागे बसलेलं कुणी उरलंच नव्हतं.

आपल्याला हसू येतं पण जरा विचार करा, उमेदवार व्हायला काय काय हवं? जन्माने अमेरिकन, वय किमान ३५, दारूला न शिवणारा, हरणार हे माहीत असून स्वतःच्या खिशातून तिकीट काढून फिरणारा, आणि पुढचं वर्षभर लोक हसणार त्याची तयारी असलेला. असे किती मिळणार?

२००३ चं भांडण तर याहून भारी आहे, ते पुढच्या प्रतिसादात टाकतो, डबा भरायचाय पोरीचा.

पन्हंप्रेमी

हहपुवा!! फिल कॉलिन्स म्हणजे तो ड्रम वाजवणारा गाणारा??

कोरडवाहू

नाही हो, नाव तेवढं सेम. हा नेव्हाडाचा. आणि लास व्हेगासात राहून दारूबंदीच्या पक्षातर्फे उभं राहायचं म्हणजे छाती पाहिजे.

नाना_फडणविसांचा_शेजारी

रोचक आहे. पण मला एक कळत नाही, मतपत्रिकेवर नाव येतं कसं एवढ्या किरकोळ पक्षाचं? आपल्याकडे डिपॉझिट भरलं की झालं, तिकडे तर प्रत्येक राज्याचं वेगळं असतं ना?

कोरडवाहू

बरोबर, तिथेच सगळं अडतं. राज्यागणिक नियम वेगळा, काही ठिकाणी हजारो सह्या लागतात, तिकडे हे फिरकतच नाहीत. कोलोरॅडोत त्या वेळी हजार डॉलर फी आणि इलेक्टर (राज्यातर्फे राष्ट्राध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे) म्हणून राज्यातली ९ माणसं दिली की नाव छापून येत होतं. म्हणून तर २२ जोड्या. लुइझियानातही फी भरून भागायचं. आर्कान्सात हजार सह्यांवर काम व्हायचं, आणि तिकडे बऱ्याच काउंट्या अजून ड्राय आहेत, दारूच्या दुकानाला परवानगीच नाही, त्यामुळे हे नाव वाचून कुणी हसत नसावं. अशी तीन-चार राज्यं झाली की यांची 'राष्ट्रीय' निवडणूक.

आता २००३. अर्ल डॉज नावाचे गृहस्थ, राहायला आमच्याच कोलोरॅडोत डेन्व्हरच्या अलीकडे, धंदा निवडणुकीच्या जुन्या बिल्ल्यांचा. १९८४ पासून दर वेळी उमेदवार हेच. ८४, ८८, ९२, ९६, २०००. त्याआधी दोनदा उपाध्यक्षपदाला. पक्षाचे अध्यक्षही हेच, कारभार यांच्याच हातात. शेवटी बाकीच्यांचा पेशन्स संपला. डॉजनी २००४ साठी घरच्या घरी अधिवेशन उरकून सहाव्यांदा स्वतःला उभं केलं, तर दुसऱ्या गटाने टेनेसीत फेअरफील्ड ग्लेड म्हणून ठिकाण आहे तिथे वेगळं अधिवेशन भरवलं आणि जीन अमंडसनला उभं केलं.

हा अमंडसन म्हणजे वल्ली. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॅशन बेटावरचा, निसर्गचित्रं काढायचा, लाकडावर कोरीव काम करायचा, धर्मोपदेशक. बिली संडे म्हणून १०० वर्षांपूर्वीचा एक बेसबॉलपटू-प्रवचनकार होता, त्याचं दारूविरुद्धचं गाजलेलं प्रवचन हा हावभावांसकट करून दाखवायचा. कधी काळा झगा, हातात कोयता, असं यमदूताचं सोंग घेऊन हिंडायचा. आपल्याकडचा कीर्तनकारच की.

झालं, एकाच पक्षाचे दोन उमेदवार. कोलोरॅडोत तर दोघंही मतपत्रिकेवर, अमंडसन वेगळ्या पक्षाच्या नावाखाली. निकाल काय? डॉज १४० मतं. अमंडसन दोन हजारांच्या जरा आत. डॉजच्या स्वतःच्या राज्यातसुद्धा अमंडसन पुढे.

सातबारा

१४० मतांसाठी पक्ष फोडला 😂 आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत याच्या दुप्पट मतं पडतात आणि तिथेही दोन गट आहेत, एक गच्चीवर मीटिंग घेतो, दुसरा पार्किंगमध्ये.

जुनं_खोड

सातबारा, मतांवर जाऊ नका, त्यामागे पैशाचाही प्रश्न होता. पेन्सिल्व्हेनियातल्या पेनॉक नावाच्या माणसाने जुन्या काळी पक्षाच्या नावाने एक ट्रस्ट करून ठेवलाय, त्यातून दरवर्षी काही हजार डॉलर येतात. छोट्या पक्षाला तेवढीच खात्रीची आवक. आता पक्ष दोन झाले म्हटल्यावर तो चेक कुणाच्या नावाने फाडायचा? बसले भांडत. देवस्थानच्या जमिनीवरून भाऊबंदकी होते तसलाच प्रकार.

डॉज नोव्हेंबर २००७ मध्ये गेले. २००८ ला परत अमंडसनच उभा होता, मतं हजाराच्या आत, आणि तोही पुढच्याच वर्षी गेला.

कोरडवाहू

@जुनं_खोड, ट्रस्टचं लिहायचं राहिलंच होतं, धन्यवाद. म्हणूनच मला ते नुसतं 'म्हातारा खुर्ची सोडेना' एवढंच वाटत नाही. डॉजची बाजू पण बघा, पस्तीस-चाळीस वर्षं पत्रकं छापा, पाकिटं चिकटवा, फी भरा, हे करणारा तो एकटा होता. त्याला वाटलं असेल पक्ष म्हणजे मीच, आणि खरंतर बऱ्याच अंशी होताच तो.

हंट्सव्हिलची_मावशी

आमच्याजवळची एक गोष्ट सांगते. २०१२ साठीचं यांचं अधिवेशन जून २०११ ला अलाबामात कलमनला झालं होतं, हायवेलगतच्या हॉलिडे इन एक्सप्रेसमध्ये. हंट्सव्हिलहून तास सव्वा तासावर आहे, आम्ही बर्मिंगहॅमच्या देवळात जाताना तिथेच चहाला थांबतो (चहा कसला, गरम पाण्यात पिशवी).

तर कलमन हे जर्मन लोकांनी वसवलेलं गाव आणि वर्षानुवर्षं ड्राय. तिथला ऑक्टोबरफेस्ट माहितीये का कसा असायचा? बिअरशिवाय! ढोल, चामड्याच्या चड्ड्या, सॉसेज सगळं आणि प्यायला रूट बिअर, म्हणजे ते आयोडेक्सच्या वासाचं सरबत. नोव्हेंबर २०१० ला गावाने मतदान करून दारूविक्रीला परवानगी दिली आणि त्यानंतर सात-आठ महिन्यांत हे लोक अधिवेशनाला तिथेच! त्यांच्या डोक्यात काय होतं देव जाणे, पण मला ते वाचून कसंसंच झालं, जिथून नुकतंच सामान बाहेर काढलंय त्याच घरात सत्यनारायण घातल्यासारखं.

तिथे हेजेस पण इच्छुक होते बरं का, पण निवड झाली जॅक फेल्युअर यांची, वेस्ट व्हर्जिनियाचे. ते १९८८ पासून दर वेळी आपले आपण उभे राहायचे, रिपब्लिकन म्हणून. आणि जाहीरनामा विचाराल तर १६११ चं किंग जेम्स बायबल, तेच आणि तेवढंच. मतं पाचशेच्या थोडी वर.

पन्हंप्रेमी

आयोडेक्सच्या वासाचं सरबत 🤣🤣 अगदी अगदी, मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा बाटलीवरची एक्स्पायरी बघितली होती.

गडबडे_आणि_मंडळी

एवढा मोठा धागा एका चिल्लर पक्षावर?? पाच हजार मतं. आपल्याकडे नोटाला एका वॉर्डात याहून जास्त पडतात. अमेरिकेचं कौतुक पुरे की आता.

जुनं_खोड

कौतुक कुणी केलंय हो, हसतोच आहोत सगळे. पण चिल्लर म्हणाल तर १८८४ बघा.

जॉन सेंट जॉन, कॅन्ससचा माजी गव्हर्नर, मूळचा रिपब्लिकन. त्या वर्षी फ्रान्सिस विलर्डबाईंच्या महिला संघटनेने रिपब्लिकन अधिवेशनात दारूबंदीचं निवेदन दिलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही, ते कागद नंतर जमिनीवर तंबाखूच्या पिंकांनी माखलेले सापडले असं सांगतात. मग सेंट जॉन दारूबंदी पक्षाकडून उभा राहिला. देशभरात दीड लाखाच्या आत मतं, म्हणजे चिल्लरच. पण न्यूयॉर्क राज्यात पंचवीस हजारांच्या आसपास. आणि न्यूयॉर्कमध्ये रिपब्लिकन ब्लेन हरला तो साधारण अकराशे मतांनी, न्यूयॉर्क गेलं म्हणून अख्खी निवडणूक गेली, डेमोक्रॅट क्लीव्हलंड राष्ट्राध्यक्ष. (ब्लेन पडायला बाकी कारणंही होती, त्याच्या सभेत एका पाद्र्याने 'रम, रोमनिझम अँड रिबेलियन' म्हणून आयरिश कॅथलिकांना डिवचलं वगैरे.) रिपब्लिकनांनी राग काढला सेंट जॉनवर. ठिकठिकाणी त्याचे पुतळे जाळले, आणि कॅन्ससमध्ये त्याच्या नावाची एक काउंटी होती तिचं १८८७ ला नाव बदलून लोगन काउंटी करून टाकलं. नकाशावरून नाव खोडण्याइतका राग येतो म्हणजे चिल्लर नक्कीच झोंबली होती.

आणि फूट त्यांना नवी नाही. १८९६ ला पिट्सबर्गला अधिवेशनात वाद, फक्त दारूबंदीवर बोलायचं की चांदीचं नाणं (तेव्हाचा चलनाचा वाद), बायकांचा मताधिकार हेही घ्यायचं. पहिल्यांना 'नॅरो गेज' म्हणायचे, दुसऱ्यांना 'ब्रॉड गेज'. नॅरो गेजवाले जिंकले, ब्रॉड गेजवाले उठून गेले आणि स्वतःचा उमेदवार दिला. पक्षाची मतं निम्म्यावर आली.

सातबारा

नॅरो गेज ब्रॉड गेज 👌 म्हणजे मिरजेला गाडी बदलायची.

उंबरठा

बायकांचा मुद्दा निघालाच आहे तर. या पक्षात १८६९ पासून बायकांना प्रतिनिधी म्हणून बरोबरीने बसता येत होतं, देशभरच्या बायकांना मत मिळालं १९२० ला. १८८७ ला कॅन्ससमधल्या अर्गोनिया गावात तर काही पुरुषांनी महिला संघटनेची टर उडवायला सुझॅना सॉल्टर या बाईंचं नाव परस्पर महापौरपदासाठी टाकलं, तिला स्वतःला मतदानाच्या दिवशी कळलं. आणि ती निवडून आली! अमेरिकेतली पहिली महिला महापौर, याच पक्षाची.

हे वाचताना मला आमच्या गावची बाटली आडवी आठवली. सातारा जिल्हा, मी तेव्हा कॉलेजात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी, आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. आई सकाळी सातला रांगेत, दोन्ही काकू, शेजारची म्हातारी खांद्यावर हात टाकून. मोजणीत आडवी मस्त पुढे होती. पण नियम असा की यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त आडवी पाहिजे, आलेल्यांच्या नाही. ज्या पोरी लग्न होऊन गेल्या, मुंबईला घरकामाला गेल्या त्यांची नावं तशीच यादीत. दुकान राहिलं. आई महिनाभर त्या रस्त्याने गेली नाही, मागच्या ओढ्यातून जायची.

म्हणून मला यांच्यावर पूर्ण हसायला येत नाही.

हंट्सव्हिलची_मावशी

उंबरठा, ओढ्याचं वाचून गलबललं.

नाना_फडणविसांचा_शेजारी

+१ उंबरठा.

एक शंका. १९२० ला दारूबंदी लागू झाली, म्हणजे यांचं काम फत्ते. त्या वर्षी कुणाला उभं केलं आणि कशासाठी?

कोरडवाहू

मस्त प्रश्न. १९२० चं अधिवेशन नेब्रास्कात लिंकनला भरलं, विल्यम जेनिंग्ज ब्रायनच्या गावात. हा डेमोक्रॅटांचा तीनदा हरलेला उमेदवार, वक्ता म्हणजे तोफ, आणि स्वतः कट्टर दारूविरोधी. यांनी एकमताने त्यालाच उमेदवार केला, त्याला नीट न विचारता! तो गावात नव्हताच, त्याने बाहेरून नकार कळवला. नवरदेवाविना हळद लावून ठेवल्यासारखी पंचाईत, मग घाईने एरन वॉटकिन्सना उभं केलं. कशासाठी, तर त्यांचं म्हणणं कायदा झाला पण राबवणारे सगळे दोन्ही पक्षांतले ओले, म्हणजे दारूच्या बाजूचे लोक आहेत. तेरा वर्षांत कायदा गेला, त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

गडबडे_आणि_मंडळी

बरं बाबा, माघार. सॉल्टरबाई आणि सेंट जॉनसाठी माघार. आता २०२४ ला कोण होतं ते पण सांगून टाका.

कोरडवाहू

मायकेल वूड, कॅलिफोर्नियाचे व्यावसायिक. त्या वेळी फोन नाही, मे २०२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बफेलोला समोरासमोर बसून निवडले, सोबत पेन्सिल्व्हेनियाचे जॉन पिट्रोव्स्की. आर्कान्सात नाव छापून आलं होतं. मतं हजारच्या थोडी वर.

पन्हंप्रेमी

धागाकर्ते, २०१६ ला मत कुणाला दिलंत ते नाही सांगितलंत. हेजेसना का?

कोरडवाहू

नाही दिलं. टेबलावर त्या ओळीवर पेन टेकवून बसलो होतो मिनिटभर, मागे फ्रिजमध्ये माझ्याच दोन बिअर होत्या, म्हटलं हे काही खरं नाही. पण नंतर डेन्व्हरच्या जुन्या बाजारात बिल्ल्यांच्या ट्रेमध्ये डॉजचा एक बिल्ला दिसला तो घेतला, दोन डॉलरला.

पन्हंप्रेमी

फोटो टाका ना!

कोरडवाहू

पोरीने दप्तराला लावलाय. साडेतीनला शाळा सुटते, आली की टाकतो.